राज्य बदललं म्हणून डॉक्टरला थांबवू नका

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री, नवी दिल्ली
यांस,

स. न. वि. वि.

मी चंदगड तालुक्यात राहतो. आम्हाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, त्यामुळे बाळंतपण अडलं की गाडी बेळगावच्याच रस्त्याला लागते.

माझी सून स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शेजारच्या राज्यात शिकली, तिथल्या वैद्यक परिषदेत नोंदली गेली, तिथेच प्रॅक्टिस केली. लग्न होऊन इकडे आली आणि काम थांबलं. इथे रुग्ण तपासायचे तर महाराष्ट्राची नोंदणी हवी, तिच्यासाठी आधीच्या परिषदेचं ना-हरकत हवं, मूळ पदव्यांची पडताळणी हवी. कुणी मुद्दाम अडवलेलं नाही, नियमच तसा आहे. पण तोवर सातवा महिना लागलेली शेजारीण पिशवीत सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन दारात येते. सून ते वाचते, पायांवरची सूज बघते आणि ‘आजच्या आज बेळगावला दाखवा’ एवढंच सांगते. चिठ्ठी लिहून देत नाही. तिच्या जिवाला ते किती लागतं, हे मी रोज बघतो.

25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कुठल्याही राज्यात नोंदलेला डॉक्टर देशभरातल्या रुग्णाला फोनवर सल्ला देऊ शकतो. म्हणजे सून माहेरी राहिली असती, तर याच बाईला तिथून औषध सांगू शकली असती. समोर बसवून तपासायला मात्र दुसरी नोंदणी! फोनपेक्षा प्रत्यक्ष तपासणी जास्त धोक्याची कशी, हे मला कुणी समजावून सांगावं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यात साऱ्या देशासाठी एक नोंदवही आहे. ऑगस्ट 2024 मध्ये तिचं पोर्टलही सुरू झालं. मग तीच पदवी दर राज्यात नव्याने का तपासायची?

पडताळणी ढिली करा, असं मी म्हणत नाही. बोगस डॉक्टरांचा जाच खेड्यांनीच जास्त सोसलाय. तक्रार आली तर चौकशी कुणी करायची, ही परिषदांची शंकाही रास्त आहे. रुग्ण जिथे तपासला, तिथल्याच परिषदेकडे ते अधिकार असू द्यावेत. पण राष्ट्रीय नोंदवहीत नाव आहे आणि कारवाई प्रलंबित नाही, अशा डॉक्टरने राज्य बदलल्याचं ऑनलाइन कळवलं की त्याच दिवशी तात्पुरता परवाना मिळावा. उरलेले कागद दोन्ही परिषदांनी आपसात मागवून घ्यावेत. त्यासाठी डॉक्टरला घरी बसवू नये.

आपण एवढा नियम करावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
चंदगड तालुक्यातील एक नागरिक