मंत्रिमहोदय, समुद्र आमच्या दारात आहे आणि ऊनही

माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीतून हे पत्र लिहिते आहे. आमच्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही दर उन्हाळ्यात टंचाई आराखड्यात वाडीचं नाव असतं. पडलेलं पाणी जांभ्या दगडातून झिरपून समुद्राला मिळतं. मार्चनंतर विहिरीतलं गोडं पाणी जसजसं आटतं, तसतसं खारं पाणी आत शिरतं.

मे महिन्यात पहाटे तीनला आमच्या विहिरीवर बाई तळाशी उतरून करवंटीने हंडा भरत असते आणि दुसरी वर थांबलेली असते, झऱ्याला पुन्हा पाणी धरेपर्यंत. त्या मचूळ पाण्यात तूरडाळ शिजत नाही. दूध घातलं की चहा फाटतो. सासूबाई टँकरचं पाणी डाळीसाठी एका कळशीत वेगळं झाकून ठेवतात. त्या कळशीला घरातली लहान मुलंसुद्धा हात लावत नाहीत. दोन वर्षांपूर्वी घरात नळ आला, पण पाइप त्याच विहिरीला जोडलेला आहे.

म्हणून मागणी करते: अशा वाड्यांसाठी समुद्राचं पाणी गोडं करणारे, सौरऊर्जेवर चालणारे लहान प्रकल्प उभारा.

हिशोब मी मांडून पाहिला आहे. वाडीत 500 माणसं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी 10 लिटर धरलं तर रोज 5,000 लिटर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते आरओने, म्हणजे दाब देऊन बारीक पडद्यातून पाणी गाळण्याच्या पद्धतीने, काढायला मोठ्या प्रकल्पात हजार लिटरमागे 3 ते 4 युनिट वीज लागते. लहान यंत्राला जास्त लागेल, 6 धरू. म्हणजे दिवसाला 30 युनिट. एक किलोवॉटचं पॅनेल उन्हाळ्यात रोज 4 युनिट सहज देतं, म्हणजे 8 किलोवॉट पुरतात. एवढी पॅनेलं शाळेच्या छपरावर मावतील.

रात्री ऊन नसतं, असं कुणी म्हणेल. पण आम्हाला वीज साठवायचीच नाही, पाणी साठवायचंय. त्याला महागडी बॅटरी नको, टाकी पुरे. पावसाळ्यात मळभ असतं, समुद्र गढूळ होतो, पण तेव्हा विहिरी काठोकाठ असतात. टंचाईचे महिने आणि कडक उन्हाचे महिने आमच्याकडे एकच आहेत. ही जुळणी आमच्या फायद्याची आहे, साहेब.

लक्षद्वीपमध्ये कवरत्ती बेटावर 2005 पासून रोज 1 लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे. तिथे समुद्राच्या पाण्याची वाफ करतात आणि ती थंड करून पाणी मिळवायला खोल समुद्रातलं गार पाणी वापरतात. आपला किनारा दूरवर उथळ असल्याने ती पद्धत इथे बसणार नाही, आरओच लागेल. चेन्नईजवळ मिंजूरला 2010 मध्ये दिवसाला 10 कोटी लिटरचा आरओ प्रकल्प सुरू झाला, आणि मुंबईसाठी मनोरीला 20 कोटी लिटरचा आखला आहे. आम्हाला हवेत 5,000 लिटर.

मात्र जिथे बंधारा बांधून किंवा विहीर दुरुस्त करून भागत असेल तिथे हा खर्च करू नका. ते पाणी केव्हाही स्वस्त.

आणखी एक काळजी आहे. समुद्राच्या शंभर लिटरांतून 35-40 लिटर गोडं होतं, उरलेलं जास्त खारं होऊन परत जातं. ते खाडीत सोडू नका. ओहोटीला आमच्या बायका तिथे तिसऱ्या (शिंपले) काढतात, कोळंबीची पिल्लं तिथेच वाढतात. पाइप भरसमुद्रात, लाटा पाणी मिसळून टाकतील तिथपर्यंत न्या, आणि जागा ठरवताना कोळ्यांना विचारा.

शेजारच्या गावातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र एका फिल्टरसाठी बंद पडलं, ते कायमचंच. म्हणून यंत्र बसवणाऱ्याच्याच निविदेत निदान दहा वर्षांची देखभाल घाला आणि वाडीतल्याच दोघींना ते चालवायला शिकवून पगार द्या. विहिरीवर रात्री जागणाऱ्या बायका ते यंत्र एक दिवसही बंद ठेवणार नाहीत.

पुढचा टंचाई आराखडा होईल तेव्हा टँकरच्या खर्चाशेजारी या प्रकल्पाचाही खर्च मांडायला सांगा. एका वाडीपासून सुरुवात करा. आमची वाडी तयार आहे, टाकीसाठी जागाही आम्ही देऊ.

कळावे,
आपली,
किनाऱ्यावरच्या वाडीतली एक रहिवासी