ठेकेदाराकडच्या पोरांनाही व्हीआर ट्रेनिंग द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी वाळूज एमआयडीसीत 19 वर्षांपासून पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवायचं मशीन, चालवतोय. मागच्या महिन्यात एका मोठ्या कंपनीत व्हीआर हेडसेटवरचं (डोळ्यांवर लावला की खोटं दृश्य खऱ्यासारखं चारी बाजूंनी दिसतं, तो) सेफ्टी ट्रेनिंग बघायला मिळालं, मी पण लावून बघितला आणि खरं सांगतो, घामच फुटला. समोर हुबेहूब आपली प्रेस, मेन स्विच बंद केला आणि अडकलेला जॉब, म्हणजे पार्ट, काढायला डायमध्ये (साच्यात) हात घातला तर रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, धाडकन खाली! स्विच बंद केला तरी फ्लायव्हील, म्हणजे रॅमला जोर देणारं जड चाक, बराच वेळ फिरतच असतं, हे मला माहिती नाही का, दहा वेळा ऐकलंय, तरी सवयीनं हात गेलाच. हेडसेट काढल्यावर आधी बोटं बघितली.

आमच्या शॉपमध्ये परभणीकडचं एक पोरगं अशाच प्रकारात दोन बोटं गमावून बसलं, कामाला लागून चार दिवस झाले होते फक्त. त्याचं ट्रेनिंग काय तर रजिस्टरवर सही. कारखाना कायद्यात 1987 च्या दुरुस्तीनं 111अ कलम आलं, कामगाराला सेफ्टी ट्रेनिंगचा हक्क मिळाला, पण ठेकेदाराकडून कामाला आलेल्या पोरापर्यंत तो पोचलाच नाही.

जालन्यात स्टीलच्या भट्टीत ओलं नाहीतर बंद डब्यातलं भंगार पडलं की आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि वितळलेलं लोखंड अंगावर उडतं, आता हे कुणाला खरं करून कसं दाखवणार? व्हीआरमध्ये दाखवता येतं. धुरातून खाली वाकून दार शोधायची प्रॅक्टिस पण होते. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे इथंच वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले, ती बातमी माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

हेडसेटनं काहींना गरगरतं कारण डोळ्याला चालल्यासारखं दिसतं आणि शरीर जागेवरच असतं, म्हणून सुरुवातीला दहा मिनिटं बास, तेही बसवून. आणि मालक लोकांनी असं समजू नये की हेडसेट आणला म्हणजे मशीनचा गार्ड, सेन्सर, दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं नसली तरी चालतं. ते आधी पाहिजेच.

छोट्या शॉपवाल्याला एकट्याला हे परवडणार नाही हे मी पण समजतो. मग उद्योजकांच्या संघटनांनी आणि आयटीआयनी मिळून वाळूज, शेंद्रा, जालन्यात एकेक सेंटर काढावं, सूचना मराठी-हिंदीत ठेवाव्या आणि नवीन पोराला तिथं नेल्याशिवाय मशीनवर उभं करू नये. 4 मार्चला सेफ्टी डे असतो, तेव्हा नुसती शपथ घेण्यापेक्षा त्या दिवशी सुरू करा ना. आमच्या गल्लीतल्या शॉपमध्ये कुणी हेडसेट घेऊन यायला तयार असेल तर सुट्टीच्या दिवशी पोरं गोळा करायचं माझ्याकडं लागलं.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर, बजाजनगर, वाळूज