शंटचा निर्णय स्कॅनवर नको, चालीवर घ्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही, विसराळूपणा. साठीनंतर हे दिसले की घरचे ‘वय झाले’ म्हणतात. त्यांतल्या काहींना नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस (मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठणे) असतो, आणि शंटनंतर, म्हणजे ते जादा पाणी वळवणारी नळी शरीरात बसवल्यावर, त्यांची चाल सुधारते. कुणाची सुधारेल हे एकट्या सीटी स्कॅनवरून ठरत नाही. इव्हान्स इंडेक्स (पोकळ्यांच्या रुंदीचे कवटीच्या रुंदीशी प्रमाण) ०.३ च्या वर म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या, एवढेच. मेंदू आक्रसल्यावरही तो वाढतो. एमआरआयवर कॅलोसल कोन (डाव्या-उजव्या पोकळ्यांमधला कोन) ९० अंशांहून कमी असेल तर संशय बळावतो.

पुढची कसोटी पाठीतले पाणी (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढून चाल सुधारते का हे बघण्याची: ३० ते ५० मिली. घोळ होतो तो मोजणीत. पाणी काढण्याआधी दहा मीटर चालायला लागणारा वेळ आणि पावले किमान दोनदा मोजायला हवीत, कारण नुसत्या सरावानेही दुसऱ्या खेपेस वेळ कमी भरतो. नंतर दोन ते चार तासांनी मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. काणकोणच्या रुग्णाला संध्याकाळची बस मिळावी म्हणून लगेच घरी सोडले, तर उशिरा आलेली सुधारणा कुणाच्या नजरेसच पडत नाही. नातेवाइकांचे ‘बरे वाटते’ हा काही आकडा नव्हे!

फरक पडला नाही म्हणून शंट नाकारणेही चूक. अशांना कमरेत नळी ठेवून तासाला सुमारे १० मिली पाणी तीन दिवस काढून पाहता येते. मात्र रुग्ण उठून बसला आणि ड्रेनची (नळीतले पाणी जमा होते त्या भांड्याची) पातळी तशीच राहिली, तर पाणी भराभर वाहून मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊ शकतो. दर तासाला बघणारी परिचारिका नसेल तर ही चाचणी करूच नये.

२०२५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत ९९ रुग्ण होते, सगळे पाणी काढल्यावर चाल सुधारलेले. शंट चालू ठेवलेल्यांचा वेग तीन महिन्यांत सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला, जवळपास बंद ठेवलेल्यांचा ०.०३ ने. रक्तस्राव मात्र पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात २. म्हणून निवड काटेकोर हवी.

आमची मागणी लहान आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात या चाचणीसाठी दोन खाटा राखा. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतल्या फिजिओथेरपिस्टना एकाच पद्धतीने मोजायला शिकवा. शंटच्या मंजुरीच्या अर्जात दोन्ही दिवसांच्या वेळा आणि पावले लिहायचा रकाना ठेवा; रकाना कोरा असेल तर अर्ज परत पाठवा.

आपले,
मेंदूविकारांचे रुग्ण पाहणारे काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट