पुस्तकं मिटायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

धडा शिकवून झाला की तुम्ही म्हणायचात, "पुस्तकं मिटा. आता आठवेल ते लिहा." वर्गात कुरकूर व्हायची. पाठ केलेली उत्तरं उतरवून काढणं सोपं. आठवत नसताना कोऱ्या पानासमोर बसून राहणं जिवावर यायचं. लिहून झालं की पुस्तक उघडून काय निसटलं ते आमचं आम्हीच शोधायचं. असं सापडलेलं मात्र सहसा पुन्हा निसटत नसे.

पुढे शिक्षणशास्त्र शिकताना रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग वाचला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. मग काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. वाचताना तुमचाच आवाज कानात होता. मजकूर ओळखीचा वाटला म्हणजे तो आपल्याला आला असं नाही, हे आम्ही तुमच्या वर्गात रोज अनुभवत होतो.

पण त्याहून मोठं ऋण आहे ते तुमच्या पेन्सिलीचं. पावसाळ्याच्या निबंधात निम्म्या वर्गाची धरती हिरवा शालू नेसायची, माझीही. तुम्ही ते वाक्य खोडलं नाहीत. खाली बारीक रेघ ओढून समासात लिहिलंत, "तू स्वतः काय पाहिलंस?" मग मी व्हरांड्याच्या पन्हळीखालचा खड्डा लिहिला. धार पडून पडून माती वाहून गेलेली, तळाशी धुतलेले खडे उघडे पडलेले. वही परत आली तेव्हा त्यावर नवा प्रश्न होता, "आवाज कसा येत होता?" पुढच्या सरीला मी मुद्दाम तिथे जाऊन कान देऊन उभी राहिले. पाहून, ऐकून लिहायचं असतं हे मला तिथे कळलं.

भरलेल्या वर्गात प्रत्येक वहीत वेगळा प्रश्न लिहायचा म्हणजे काय, हे आता मी शिक्षिका झाल्यावर समजतंय. अख्खी संध्याकाळ त्यात जाते. "छान" लिहून पुढची वही ओढावीशी वाटते. तुम्ही तसं केलेलं मला एकदाही आठवत नाही. आमचं लिहिणं वाचण्याजोगं आहे, हे तुम्ही आमच्याआधी मानलंत.

परवा माझ्या वर्गातल्या एका मुलाने लिहिलं होतं, "माझी आजी प्रेमळ आहे." मी समासात विचारलं, "कशावरून?" दुसऱ्या दिवशी त्याने खाली लिहून आणलं, "मला झोप लागेपर्यंत ती चष्मा काढत नाही." ते वाचल्यावर पहिली आठवण तुमची झाली, आणि हे पत्र लिहायला बसले.

बाई, मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी