मंगळवेढ्याचा शाळू नेण्याआधी

चि. माईस अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्षाची ज्वारी यंदा मंगळवेढ्यातूनच न्यायची म्हणतेस, तर हे वाचून मग गाडी काढ. दिवाळीच्या सुट्टीत येऊन उपयोग नाही. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात, म्हणजे दिवाळीला तो रानात हिरवाच उभा असतो. पौषात हुरडा आणि माघ-फाल्गुनात काढणी. मळणी होऊन दाणा चार उन्हं खातो तो मार्च-एप्रिलात, तेव्हा ये.

इथल्या मालदांडीला, म्हणजे शाळूच्या इथल्या जातीला, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कुठलीही पांढरी ज्वारी ‘मंगळवेढ्याची’ म्हणून गळ्यात मारतात. खरी ओळख दाण्यात आहे. शाळूचा दाणा टपोरा, गोल आणि मोत्यासारखा चमकदार. खरिपाच्या हायब्रीडचा दाणा खडूसारखा फिका. फरक जातीचा आहे तसा हंगामाचाही. शाळू मुरलेल्या ओलीवर, काळ्या खोल रानात, थंडीत आणि दवात वाढतो. खरिपाची ज्वारी दाणा भरताना पावसात सापडली की तिला बुरशी लागते आणि ती काळी पडते.

पोत्याच्या तोंडाचा दाणा बघून भाव करू नकोस. मधला आणि तळाचा दाणा काढायला लाव. एक दाणा दाताखाली धर. टक् वाजून फुटला तर वाळलेला, दबला तर ओल आहे. मूठभर दाणे तळहातावर चोळून फुंकर मार. काळी भुकटी उडाली तर त्यात काणी, म्हणजे बुरशीचा रोग आहे.

किती घ्यायचं? किलोभर पिठात दहा-बारा भाकरी होतात. तुमच्याकडे फक्त रात्री, रोज पाच भाकरी धरल्या तर महिन्याला साधारण चौदा किलो, म्हणजे वर्षाला पावणेदोन क्विंटलच्या आत. हौसेनं तीन क्विंटल नेलंस तर शेवटचं क्विंटल सोंडेच खातील.

घरी नेल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन दे आणि रात्रभर पसरून पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भर. लोक नेमके इथेच चुकतात. गरम धान्य झाकलं की आतल्या आत घाम सुटतो, ओल धरते आणि श्रावणात कीड होते. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवलेला हवा. ओला पाला घालणं म्हणजे हातानं ओल घालणं. कोठी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेव. आणि धुरीच्या गोळ्या राहत्या घरात अजिबात नकोत. त्यांचा वायू माणसाचाही जीव घेतो.

जुन्या काळी हेच धान्य पेवात जाई. पेव म्हणजे जमिनीतली कोठी: तोंड माणूस उतरेल एवढं, पोट रुंद, तळाला आणि कडेला कडबा, वरून मातीनं लिंपलेलं. आतली हवा दाणाच संपवतो, म्हणून कीड जगत नाही. आणि त्याच कारणानं उघडल्या उघडल्या उतरलेला माणूसही जगत नाही. पेव बराच वेळ मोकळं ठेवून मग कंदील सोडून बघायची रीत होती. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. पण कंदील जळत राहिला म्हणजे धोका टळला, असंही नाही.

हे पेव मनात ठेवून गाव बघ, म्हणजे इथले संत समजतील. गाव व्यापाराचं आणि कारभाराचं, त्यामुळे इथले संत देवळात कमी, कोठारात आणि कचेरीत जास्त भेटतात. बाराव्या शतकात कलचुरी बिज्जलाच्या काळात बसवेश्वर इथे करणिक, म्हणजे हिशेबनीस होते. दामाजीपंत बिदरच्या बहामनी सुलतानाचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली. विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात जाऊन धान्याचे पैसे बिदरला भरले, अशी कथा आहे. कथेतही रकमेची पावती आहे, हे मला फार मंगळवेढ्याचं वाटतं. चोखोबा 1338 साली इथल्या गावकुसाच्या कामावर कुसू कोसळून गेले. विठ्ठलनाम ऐकू येतं त्या अस्थी नामदेवांनी वेचल्या, असं सांगतात. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर. दामाजींचं देऊळ बघून लगेच फिरू नकोस. चोखोबांचं स्थान गावात आहे, तिथे जा. कान्होपात्राही इथलीच, पण तिचं तरटीचं झाड बघायला पंढरपूरच्या मंदिरातच जावं लागतं. पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. आषाढी-कार्तिकीच्या आठवड्यात मात्र तो रस्ता धरू नकोस. सोलापूरकडून आलीस तर वाटेत माचणूरला थांब. भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि तिथेच ब्रह्मपुरीला 1695 ते 1699 औरंगजेबाची छावणी होती.

आता भाकरी. पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळ. जुन्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नाही, सगळं पाण्यावर आणि मळण्यावर आहे. विरी गेलीच असेल तर उकळतं पाणी घालून पीठ भिजव. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ तळव्याच्या टाचेनं रगडून मळ. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाणी फिरव आणि ते पाणी पुरतं वाळायच्या आत उलट. वाळू दिलंस तर तडे जातात, आणि तडा गेलेली भाकरी विस्तवावर फुगत नाही, कारण वाफ तिथूनच निसटते.

येताना तागाची धुतलेली पोती आण. खताची रिकामी पोती कितीही झटकली तरी धान्याला चालत नाहीत. दाभण आणि सुतळी इथे मिळेल.

तुझा,
बाबा