रॉकेट उडवू द्या, पण शोधायची सोय करून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘रॉकेटवाल्या पोरांना आवरा’ या मथळ्याखाली एका शेतकरी वाचकांचं पत्र आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलं. त्यांच्या उभ्या ज्वारीत एका विज्ञान मेळाव्यातलं मॉडेल रॉकेट पडलं आणि ते शोधायला पोरांचा घोळका आडवातिडवा रानात शिरला. कणसं भरायच्या वेळेला ताटं मोडली की दाणाही जातो आणि कडबाही. त्यांचा राग रास्त आहे. मात्र जिल्ह्यात रॉकेटवर सरसकट बंदी घाला, ही मागणी मला पटली नाही. रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची नळी आणि प्लास्टिकचं टोपण. पॅराशूटला लोंबकळत आलं, पडलं. पीक तुडवलं ते शोधणाऱ्यांनी.

माझं सोलापुरात नव्या पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही आता कुणी दुरुस्त करत नाही, बदलतात; त्यामुळे हल्ली शाळा-कॉलेजातली पोरंच सोल्डरिंग करून घ्यायला येतात. त्यातली काही रॉकेटवाली, म्हणून या विषयावर चार शब्द लिहायचा हक्क समजतो.

हिशेब साधा आहे. रॉकेट तीनशे मीटर वर गेलं आणि पॅराशूट उघडून सेकंदाला पाच मीटर या वेगानं उतरू लागलं, तर जमिनीवर यायला एक मिनिट लागतं. ताशी १५ किलोमीटरचा वारा (आपल्या माळावर दुपारी याला कुणी वारा म्हणत नाही) तेवढ्यात त्याला अडीचशे मीटर ढकलतो. मग डोळ्यांवर ऊन घेऊन उभ्या असलेल्या पोरांना ‘त्या तिकडं पडलं’ एवढंच सांगता येतं. अंदाज पन्नास मीटरनं चुकला तरी धुंडाळायचं क्षेत्र जवळजवळ दोन एकर होतं, आणि मालदांडी ज्वारी तर माणूस झाकेल इतकी वाढते. तेच ठिकाण जीपीएसनं पाच मीटरच्या आत सांगितलं, तर बघायचं राहतं पाऊण गुंठा. दोन एकर आणि पाऊण गुंठा यांतला फरक त्या शेतकरी बंधूंना मी समजावून सांगायला नको.

असं ठिकाण कळवणारं यंत्र म्हणजे ट्रॅकर. ट्रॅकर म्हटलं की पालक मोटरसायकलला लावायचा सिमकार्डवाला घेऊन येतात. तो जड असतो आणि मोबाइलची रेंज नसली की गप्प बसतो. किल्ल्यांना अडकवायचा ब्लूटूथ टॅग तर इथं अगदीच कुचकामी. त्यात जीपीएस नसतोच. शेजारून जाणाऱ्या लोकांच्या फोनवर त्याचं भागतं, आणि ज्वारीच्या रानात शेजारून जाणार कोण? हवं ते एवढंच: छोटं जीपीएस मॉड्यूल, लोरा रेडिओ (थोड्या विजेवर छोटे निरोप लांबवर पाठवणारा), त्यांना चालवणारा मायक्रोकंट्रोलर आणि एका सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी. सगळं मिळून तीसेक ग्रॅम. असाच दुसरा लोरा रेडिओ आपल्या हातात, ट्रॅकरचे निरोप ऐकायला.

रेडिओ घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून पोरं ९१५ मेगाहर्ट्झचा मागवतात. तो अमेरिकेसाठीचा. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. ‘८६८’ छापलेलं मॉड्यूल घ्यावं आणि प्रोग्रॅममध्ये ८६६ वर लावावं. अँटेनाला महागडं काही लागत नाही. साडेआठ सेंटिमीटरची सरळ तार, म्हणजे पाव तरंगलांबी, पुरते. पण ती जोडल्याशिवाय रेडिओ चालू करू नका. त्यानं जळालेले रेडिओ माझ्या टेबलावर येतात आणि त्यांना मी काही करू शकत नाही.

हे सगळं रॉकेटच्या टोपणात बसवायचं. जीपीएसची चौकोनी चिनी मातीची अँटेना आकाशाकडे तोंड करून, आणि खाली प्लायवूडची चकती घट्ट, कारण पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या बंदुकीच्या दारूचा धूर सर्किट खातो. टोपणाला चंदेरी धातूचा रंग किंवा कार्बन फायबर नको. दोन्ही लहरी अडवतात. साधा सरकता स्विच उड्डाणाच्या धक्क्यानं बंद पडू शकतो, त्यावर चिकटपट्टी मारा.

बॅटरीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण पोरं तिथंच काटकसर करतात. सगळं मिळून सरासरी ८० मिलिअँपिअर खेचलं जातं असं धरा. ५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल कागदावर सहा तास चालतो. उड्डाण तर दोन मिनिटांचं, मग एवढी कशाला, असं विचारतात. पाहुणे उशिरा येतात, भाषणं लांबतात, तोवर ट्रॅकर चालूच असतो. नंतर शेतमालक गावातून येईपर्यंत रॉकेट रानात पडून राहतं, तेव्हाही तो बोलत राहायला हवा. सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरून न्यावा आणि ३ च्या खाली कधी उतरू देऊ नये. व्होल्टेजचा आकडा ठिकाणाबरोबरच पाठवला की हातातल्या रेडिओवर दिसत राहतो. फुगलेला सेल वापरायचा नाही, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत सेल ठेवून जायचं नाही. सोलापूरच्या उन्हाबद्दल आणखी काय लिहू?

चालू केल्याबरोबर ट्रॅकरला जागा कळत नाही. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती तीस सेकंदांत एकदा पुरी सांगतो, आणि निदान चार उपग्रहांची ऐकल्याशिवाय हिशेब बसत नाही. म्हणून उघड्यावर ठेवून, आकडे स्थिर झाल्यावरच मोटर (रॉकेटला वर ढकलणारी दारूची नळी) जोडावी. वर जाताना धक्क्यानं जीपीएस क्षणभर हरवला तरी घाबरू नये, पॅराशूटवर तो पुन्हा सापडतो. उंचीच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे निरोप किती ताणून सावकाश पाठवायचा तो आकडा, ७ ठेवला तर वीस बाइटचा निरोप ५७ मिलिसेकंदांत जातो. १२ ठेवला तर पल्ला वाढतो, पण तेवढ्याच निरोपाला सव्वा सेकंदाहून जास्त लागतो. आपल्या उंचीला ७ भरपूर.

आणि आकडे नीट वाचा. मॉड्यूल अक्षांश १७३९.५९४ असा देतं, म्हणजे १७ अंश ३९.५९४ मिनिटं, नकाशावर १७.६५९९. कित्येक जण नुसताच टिंब सरकवून १७.३९५९ टाकतात. रेखांशाचंही तसंच केलं की सोलापुरातलं रॉकेट नकाशावर पन्नास किलोमीटर नैऋत्येला, मंगळवेढ्याच्या बाजूला दिसतं!

जमिनीवर पडल्यावर ताटांच्या आड सिग्नल क्षीण होतो. तेव्हा बांधावर किंवा गाडीच्या टपावर चढून हातातला रेडिओ उंच धरावा. तरी नाहीच आला, तर उतरतानाचा शेवटचा निरोप बहुतेक पुरतो. मग मालकाला विचारून एकानंच आत जावं, पाटाच्या कडेनं.

ट्रॅकरबरोबर एक चिठ्ठीही हवी. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था मोठे संशोधन-फुगे सोडते. त्यांची उपकरणं पॅराशूटनं उतरतात ती विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात, म्हणजे आपला जिल्हा त्यात आलाच. त्या पेट्यांवर कुणाला कळवायचं ते लिहिलेलं असतं. रॉकेटवरही मराठी, कन्नड आणि तेलुगूत दोन ओळी लिहिल्या, तर ‘आकाशातून संशयास्पद वस्तू’ अशी बातमी छापायची वेळ आपल्यावरही येणार नाही.

रॉकेट कुठं उडवू नये यावर शेतकरी बंधूंशी मी पूर्ण सहमत आहे. होटगी रस्त्याला विमानतळ आहे, तिकडं नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास नाही. आणि घरी दारू कुटून मोटर करणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही. तो गुन्हा आहे आणि बोटं जातात.

केगावच्या विज्ञान केंद्राला, शिक्षण विभागाला आणि मेळावे भरवणाऱ्या शाळांना विनंती अशी: चालू ट्रॅकर आणि रॉकेटच्या मालकाचा फोन नंबर असल्याशिवाय एकही रॉकेट स्टँडवर चढू देऊ नका. सुगी होईपर्यंत पडीक माळच निवडा आणि भोवतालच्या शेतकऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. प्रत्येक संघाकडे ट्रॅकर नसला तरी चालेल, मेळाव्याचे दोन-तीन असले की एकेका उड्डाणाला आळीपाळीनं लावता येतात. ते जुळवून द्यायची मजुरी मी घेणार नाही. सामान तुमचं, आणि सेल चार्ज करून आणायचा.

आपला,
एक रेडिओ मेकॅनिक, नवी पेठ, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)