चार्जर विसरलीस, त्यानिमित्ताने

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा चार्जर उशीखाली सापडला. कुरियरने पाठवतोय, सोबत आईने भाजणी दिली आहे. रिझर्व्ह बँकेतल्या तुझ्या तपासणीच्या नोकरीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. निघायच्या आदल्या रात्री ताटावर आपलं वाजलं तेवढं पुरे.

पण तू म्हणालीस ना, "बाबा, बँकांना अजून किती नियम हवेत?" ते काही डोक्यातून जात नाही.

नियम आमच्या सहकारी बँकेतही होते गं. तिजोरीला दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक मॅनेजरांकडे. अकरा रुपयांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत शोधत बसायचो. आणि त्याच बँकेत चेअरमनच्या मेहुण्याचं थकलेलं कर्ज दर मार्चला नव्या कर्जातून फिटायचं. तपासणीला आलेले साहेब कागद बघायचे, जेवायचे, सही करून जायचे. तू सही करण्याआधी नीट बघ. बास, एवढंच.

पीएमसीचं, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं, २०१९ मध्ये काय झालं? ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर समूहाकडे, ते झाकायला २१ हजारांवर खोटी खाती. निर्बंध आले तेव्हा लोकांना सांगितलं, सहा महिन्यांत हजार रुपये काढा. सहकारी बँकांना तेव्हा दोन मालक होते, सहकार खातं आणि तुमची रिझर्व्ह बँक. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं ठेवीदाराचं. २०२० च्या कायद्याने ते बरंचसं सुधारलं, मान्य. ठेवीचा विमाही त्याच वर्षी एक लाखाचा पाच लाख झाला. पण १९९३ पासून तो एक लाखावरच होता! आमची बँक बुडाली तेव्हा तिच्यात आत्याचे साडेचार लाख होते. मीच तिला म्हणालो होतो, "आपलीच बँक आहे, अर्धा टक्का जास्त मिळतो." हातात पडला एक लाख. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि कायदा बदलल्यावरही, फेब्रुवारी २०२५ मध्ये, न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींची रोकड कमी असल्याचं बाहेर आलं. कागदावर होती, तिजोरीत नव्हती. कॅशियरच्या सवयीने मी हिशेब केला. सगळ्या पाचशेच्या नोटा धरल्या तरी शंभर-शंभर नोटांची २४,४०० पॅकेटं होतात. एवढी गेली कशी? इतकी वर्षं सह्या कोणाच्या होत्या? म्हणून म्हणतो, न कळवता जा, तिजोरी उघडायला लाव, समोर मोजून घे. चहासुद्धा मोजणी झाल्यावर.

बघ, पुन्हा तेच सुरू झालं. राग मानू नकोस. तू परीक्षा पास होऊन गेली आहेस, मी नुसता कॅशियर.

तुला आठवतं का, सहा वर्षांची असताना शनिवारी तुला शाखेत नेलं होतं? नाण्यांच्या थप्प्या लावून दिल्यास आणि एक नाणं कमी आहे म्हणून रडलीस. मी तुला गप्प केलं होतं. नंतर मोजलं, तर खरंच एक कमी होतं.

काल आत्याचा फोन होता. तिची एक एफडी महिनाअखेरीला सुटते, कुठे ठेवू विचारत होती. मला सांगवेना. तूच तिला फोन कर.

तुझे,
बाबा